परिच्छेदांत वाटलेला जिल्हा

२ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने एक शासन निर्णय काढला आणि ‘हैदराबाद गॅझेटिअर’ हा शब्द घराघरात पोचला. निजामाच्या काळातल्या नोंदींच्या आधारे मराठवाड्यातल्या मराठा व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देण्याची पद्धत त्या निर्णयात होती. लगोलग सातारा आणि बॉम्बे गॅझेटिअरचीही मागणी पुढे आली, ओबीसी संघटनांचा विरोधही आला. त्या दिवसांत फोनवर गॅझेटिअरच्या पानांचे स्क्रीनशॉट फिरत होते. पिवळट पान, बारीक इंग्रजी टाइप आणि एका वाक्याखाली लाल रेघ.

त्या लाल रेघेच्या वर आणि खाली काय लिहिलंय, हे पुस्तक कुणी लिहिलं, त्याची रचना कशी आहे, ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, ही चर्चा मात्र फारशी ऐकू आली नाही. गॅझेटिअर हे आपल्याकडे पुरावा म्हणून उघडलं जातं आणि काम झालं की बंद होतं. हा लेख ते पुस्तक म्हणून वाचण्याचा प्रयत्न आहे. मी खांदा कॉलनीत राहतो, म्हणून माझ्या भागाचे खंड घेतले. ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’ या मालिकेतला ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड (१८८२) आणि कुलाबा व जंजिऱ्याचा अकरावा खंड (१८८३). त्यातही मुख्यतः तिसरं प्रकरण, ‘लोकसंख्या’. इथे कोण कोण राहतं, कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे, हे सांगणारं.

आधी पत्ता शोधा

पनवेल आज रायगड जिल्ह्यात आहे. रायगड म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा. म्हणून कुलाब्याचा खंड उघडला, तर त्यात पनवेल तालुका नाही. गॅझेटिअरची माहिती गोळा होत होती तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं. ते १८८३ मध्ये कुलाब्याला जोडलं गेलं. कर्जत त्यानंतर, १८९१ मध्ये आलं. म्हणजे छापलेल्या पुस्तकाची शाई वाळेपर्यंत जिल्ह्याची हद्द हलली होती.

ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ‘या जिल्ह्यात अमुक टक्के हे, तमुक टक्के ते’ असं वाक्य आपण वाचतो तेव्हा जिल्हा ही नदी-डोंगरासारखी कायमची वस्तू आहे असं गृहीत धरतो. पण जिल्हा ही साम्राज्याने महसूल गोळा करण्यासाठी आखलेली चौकट होती. चौकट हलवली की टक्केवारी हलते. चौकटीतली माणसं मात्र तिथेच असतात, त्याच खाडीवर, त्याच मिठागरात.

मालिकेचा संपादक जेम्स कॅम्पबेल हा मुंबई सरकारच्या सेवेतला अधिकारी. गुजरातपासून कारवारपर्यंतच्या जिल्ह्यांवरचे हे खंड १८७७ ते १९०४ या काळात निघाले. पंडित भगवानलाल इंद्रजी, रा. गो. भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांनी इतिहासाच्या भागांत मोठी भर घातली. गुजरातमधल्या मुसलमानांवरचा भाग फजलुल्लाह लुत्फुल्लाह फरिदी यांनी लिहिला, तिथल्या हिंदूंवरचा भीमभाई किरपाराम यांनी. म्हणजे ‘साहेबाने लिहिलेलं पुस्तक’ एवढं म्हणून भागत नाही. माहिती द्यायला, लिहायला, तपासायला आपलीच शिकलेली माणसं होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण या पुस्तकातल्या नजरेत साहेबाइतकीच स्थानिक लिहित्या वर्गाचीही नजर मिसळलेली आहे.

साचा

तिसरं प्रकरण सलग वाचलं की पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा साचा. आधी धर्म. हिंदूंचा भाग सर्वात मोठा आणि तो धंद्यांनुसार पाडलेला: ब्राह्मण, लेखणीवर जगणारे, व्यापारी, शेतकरी, कारागीर, वाजंत्री, सेवक, धनगर, मच्छीमार, मजूर, मग ‘आदिम’ ठरवलेल्या जमाती, मग ‘दबलेले’ ठरवलेले वर्ग, शेवटी भिक्षेकरी. हिंदू संपले की मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू.

या प्रत्येक शीर्षकाखाली जाती आणि प्रत्येक जातीला एक परिच्छेद, कधी लांब, कधी दोन ओळींचा. परिच्छेदाच्या आतही क्रम जवळपास ठरलेला. खानेसुमारीतला आकडा. कुठल्या तालुक्यात जास्त. पोटजाती, आडनावं. रंग आणि बांधा. बोली. घर. जेवण. कपडे, दागिने. स्वभाव. धंदा. देव. जन्म, लग्न, मृत्यूचे विधी. जातपंचायत आहे का. मुलं शाळेत जातात का. शेवटी, या लोकांचं पुढे काय होईल याचा एका ओळीत अंदाज.

दिवसभर डेटाबेस बघणाऱ्या माणसाला हे लगेच ओळखू येतं. हे टेबल आहे. जात ही ओळ, बाकी सगळे रकाने. स्वभावालाही रकाना आहे, म्हणून प्रत्येक जातीला स्वभाव असावाच लागतो. मग कुणी कष्टाळू आणि काटकसरी, कुणी आळशी आणि दारूचं वेडं, कुणी नीटनेटकं, कुणी मळकं, कुणी भांडखोर अशी विशेषणं ओळीने येत जातात. एका तालुक्यातल्या हजारो माणसांचा एकच स्वभाव कसा असेल, हा प्रश्न त्या रकान्याला पडत नाही. रिकामा सोडायची सोय नाही, म्हणून तो भरला जातो.

या विशेषणांवर चिडणं सोपं आहे आणि अनेकांनी ते केलंय. पण माझं मत असं की ती या पुस्तकाची सर्वात मोठी खोट नाही. विशेषणं खोडता येतात. खरी अडचण परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. तिच्याकडे येण्याआधी पुस्तकाचं देणंही मान्य करायला हवं.

जे दिलं ते

हे प्रकरण नसतं तर १८८० च्या आसपास पनवेल-पेणच्या डोंगरात कातकरी काय खात होते, लाकडापासून कात कसा काढत होते, त्यांच्यात सोन आणि ढोर असे भेद कसे होते, याची इतकी सविस्तर लेखी नोंद आपल्या हाती क्वचितच लागली असती. त्या काळच्या मराठी छापील साहित्यात कातकरी जवळपास नाहीतच. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, ही नावाची संगती, आगऱ्यांमधल्या पोटजाती, ख्रिस्ती होऊन पुन्हा हिंदू झालेल्यांना मिळालेलं ‘वरप’ हे नाव, हे सगळं कुणीतरी विचारून लिहून ठेवलं. कंटाळा न करता, गावोगाव. भांडी-कुंडी, लग्नाचा खर्च, बाईच्या अंगावरच्या दागिन्यांची नावं यांच्याबद्दल एवढी उत्सुकता तेव्हाच्या किती मराठी लेखकांना होती?

म्हणून ‘वसाहतवादी कचरा’ म्हणून ते फेकून देणारे आणि ‘सरकारी पुरावा’ म्हणून डोक्यावर घेणारे, दोघेही मला सारखेच घाईचे वाटतात. पुस्तक निरखून पाहतं. फक्त ते एका वेळी एकाच गटाला पाहतं.

शनवार तेली, सोमवार तेली

बेने इस्रायलींचं उदाहरण घ्या. कोकणातले हे ज्यू, त्यांच्या परंपरेनुसार नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या माणसांचे वंशज. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव तेलाचा घाणा चालवायचे. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहिमकर, नौगावकर. घरची भाषा मराठी. पनवेलला त्यांचं बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही सुरू केली.

गॅझेटिअरच्या साच्यात हे कुठे बसतात? अगदी शेवटी, ज्यू म्हणून. आणि हिंदू तेली? पुष्कळ पानं आधी, हिंदू जातींच्या यादीत. धंदा तोच, घाणा तोच, गिऱ्हाईक तेच, बोली तीच. पण धर्म हा वरचा रकाना असल्याने दोघांची गाठ पडत नाही.

आता शेजाऱ्यांनी केलेलं वर्गीकरण बघा. कोकणातल्या लोकांनी बेने इस्रायलींना नाव दिलं ‘शनवार तेली’, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. हे दोन शब्द म्हणजे अख्खं समाजशास्त्र आहे. फरक त्यात लपवलेला नाही, तो नावातच आहे. पण तो समान धंद्याच्या आत धरलेला आहे. हे नाव देणारा माणूस तेल आणायला जाणारा आहे. आज कुणाचा घाणा चालू आणि कुणाचा बंद, हे त्याला माहीत असावं लागतं. म्हणजे दोन्ही तेली त्याच्या एकाच आठवड्यात राहतात.

गॅझेटिअर ‘शनवार तेली’ हे नाव नोंदवतं, पण एका गटाच्या परिच्छेदात, माहितीचा तुकडा म्हणून. त्या नावामागची पद्धत उचलत नाही. ती उचलली असती तर कोकणच्या लोकसंख्येचं प्रकरण वेगळंच लिहिलं गेलं असतं.

पुढे बेने इस्रायलींनी स्वतःचा इतिहास स्वतः लिहिला. हाईम सॅम्युअल किहिमकर यांनी १८९० च्या दशकात लिहिलेलं पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. ज्याच्यावर परिच्छेद लिहिला जातो तो स्वतः लिहायला बसला की परिच्छेदाचं पुस्तक होतं.

लोक एका पीडीएफमध्ये, जमीन दुसऱ्या

ठाणे खंड इतका मोठा आहे की तो भागांत छापला गेला. लोकसंख्येचं प्रकरण पहिल्या भागात. जमीन कुणाच्या नावावर, सारा कुणी भरायचा, हे सांगणारं जमीन-महसुलाचं प्रकरण दुसऱ्या भागात. आज डाउनलोड करायला जाल तर त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. सावकारी आणि कर्ज पुन्हा तिसऱ्याच प्रकरणात, ‘भांडवल’ या नावाखाली.

मी म्हणतो ती कोरी जागा हीच. आगरी माणूस काय खातो हे एका ठिकाणी आहे. तो पिकवलेल्या भातापैकी किती दुसऱ्याच्या कोठारात घालतो हे दुसरीकडे. पहिल्या प्रकरणात ‘गरीब’ हा आगऱ्याचा गुण वाटतो, जसा ‘काळा’ किंवा ‘काटक’. तो गरीब कुणामुळे आहे, हे समजायला तुम्हाला दोन्ही फाइली शेजारी उघडून स्वतः जोड लावावी लागते. जो फक्त लोकसंख्येचं प्रकरण वाचेल त्याला जिल्हा म्हणजे एक संग्रहालय वाटेल. काचेच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एक जात, आणि एका पेटीतून दुसरीत काहीच जात नाही. ना धान्य, ना व्याज, ना शिवी.

जोड लोकांनी लावली. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने हा संप आसपासच्या पंचवीस गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. संपकरी बहुतेक आगरी. इतकी वर्षं जमिनी ओस ठेवून, जंगलातलं लाकूड विकून, मिळेल ती मजुरी करून ते जगले. संपाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ सुरू केलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

या संपाला जातीचा रंग होता का? होता. पण गॅझेटिअरच्या अर्थाने नव्हे. चरीत ‘आगरी’ हा शब्द चालीरीतींची बेरीज राहिला नाही, तो खोताच्या समोर उभा असलेल्या माणसाचं नाव झाला. समोर कोण आहे यावरून ठरणारी ओळख टेबलात बसत नाही, कारण तिला एकाच वेळी दोन ओळी लागतात.

वर्णन आणि प्रश्न

कुलाब्याचा खंड निघाल्यावर पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, त्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळ गावच्या माणसाने एक छोटं पुस्तक काढलं. गोपाळ बाबा वलंगकर, निवृत्त सैनिक, जातीने महार. पुस्तकाचं नाव ‘विटाळ विध्वंसन’. गॅझेटिअरने ज्यांना ‘दबलेले’ या शीर्षकाखाली शेवटाकडे ठेवलं, त्यांच्यातल्या एकाचं हे लेखन. त्याची रचना प्रश्नांची आहे. सवर्णांना उद्देशून विचारलेले प्रश्न: हा विटाळ आला कुठून, त्याला आधार काय?

दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की माझा मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. वर्णनाला एकच माणूस पुरतो, समोर उभा केलेला. प्रश्नाला दोन लागतात. अस्पृश्यता हा एका जातीचा गुणधर्म नाही, ती दोन माणसांमधली घटना आहे. एक हात मागे घेतो तेव्हाच दुसरा अस्पृश्य होतो. गॅझेटिअरच्या साच्यात ही घटना लिहायला जागाच नाही. अस्पृश्यता ‘महार’ या परिच्छेदाला चिकटते आणि ती पाळणाऱ्यांचा परिच्छेद निर्धास्त राहतो.

चवदार तळ्याचंही असंच. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला जे घडलं ते आपण शाळेत वाचलेलं असतं. तळं सार्वजनिक होतं. मुसलमान, ख्रिस्ती यांना पाणी भरायला मनाई नव्हती. मनाई फक्त अस्पृश्य हिंदूंना. ‘धर्म’ हा वरचा रकाना आणि ‘जात’ त्याच्या पोटातला, या गॅझेटिअरच्या क्रमाने तळ्याकाठचा व्यवहार समजूच शकत नाही. तिथे परधर्मीय आत होता आणि स्वधर्मीय बाहेर.

सत्याग्रहाच्या बाजूने कोण होते तेही बघा. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा ती देणारे फत्तेखान मुसलमान. पहिलं आणि मुख्य बळ अर्थातच दासगावच्या रा. बा. मोऱ्यांसारख्या महार कार्यकर्त्यांचं आणि गावोगावहून चालत आलेल्या हजारोंचं. गॅझेटिअरमध्ये ही नावं शोधायची तर चार वेगळ्या शीर्षकांखाली जावं लागेल. महाडला ती एका मांडवात होती. मी हे सलोख्याचं गोड चित्र म्हणून सांगत नाहीये, मार खाणारे कोण आणि मारणारे कोण हे सगळ्यांना माहीत आहे. पण भांडण असो की साथ, ते दोन परिच्छेदांच्या मध्ये होतं, परिच्छेदाच्या आत नाही.

खांदा कॉलनीहून जवळचं उदाहरण चिरनेरचं. उरणजवळच्या या गावात २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचं केलं होतं. लाकूड, गवत, कात, कोळसा, सगळ्यावर बंधनं आली होती. हुतात्म्यांच्या यादीत पाटील, म्हात्रे, घरत आहेत, कोळी आहेत, आणि नाग्या महादू कातकरी आहेत. काहींचं आडनाव म्हणजे गॅझेटिअरचं शीर्षकच. पण ही यादी त्या यादीच्या अगदी उलट आहे. ती लोकांना वेगळं करण्यासाठी केलेली नाही. एका जंगलावर सगळ्यांचं पोट होतं आणि ते बंद केलं गेलं, म्हणून ही नावं एकत्र आली.

साचा अजून चालू आहे

हे सगळं जुनं झालं, आता काय त्याचं, असं वाटत असेल तर जात पडताळणीचा अर्ज भरलेल्या कुणालाही विचारा.

१९९४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने जातदाव्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. प्रकरण महादेव कोळी असल्याच्या दाव्याचं होतं. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात, किनाऱ्यावरचे सोनकोळी येत नाहीत. त्यामुळे ‘कोळी’ या शब्दाआधी काय लिहिलंय यावर पोरापोरींचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून असतात. या पद्धतीत कागदपत्रांबरोबर आणखी एक गोष्ट तपासली जाते, जिला समित्यांच्या भाषेत आप्तभाव चाचणी म्हणतात. तुमच्या जमातीचे देव कोणते, विधी कोणते, लग्न कसं लागतं, माणूस गेल्यावर काय करतात. या प्रश्नांची यादी तिसऱ्या प्रकरणाच्या परिच्छेदाशेजारी ठेवा. रकाने तेच आहेत. फक्त पूर्वी माहिती गोळा करणारा कारकून ते भरायचा, आता एकोणीस-वीस वर्षांच्या अर्जदाराला पाठ असावे लागतात.

शहरात वाढलेल्या, शिकलेल्या पोरीला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या परिच्छेदाशी जुळावं लागणं, हे त्या पुस्तकाचं सर्वात लांब पडलेलं सावट आहे. परिच्छेद काळाबाहेर लिहिलेला असतो, त्यात ‘हे लोक असे आहेत’ असा कायमचा वर्तमानकाळ असतो. माणसं मात्र बदलतात. २०२३ मध्ये ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही असं सांगितलं. हे चांगलं झालं. पण चाचणी गेलेली नाही.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगायला हवी. आरक्षण असावं आणि त्यासाठी याद्या लागतात, याबद्दल मला शंका नाही. ज्यांना सामूहिकरीत्या बाहेर ठेवलं त्यांना सामूहिकरीत्याच आत घ्यावं लागेल. पण मग यादीने अन्याय मोजावा. जमीन किती, पाणी कुठून भरता, शाळेत पहिल्यांदा कोण गेलं, कर्ज कुणाचं. लग्नात कुठला विधी होतो हे मोजून अन्याय कळत नाही. गॅझेटिअरने विधींना ‘लोक’ या प्रकरणात आणि जमिनीला दुसऱ्या प्रकरणात टाकलं, आणि आपण अजून लोक म्हणजे विधी असंच समजतोय.

लवकरच याची परीक्षा आहे. २०२७ च्या जनगणनेत जातींची गणना होणार आहे. सगळ्या जातींची मोजणी जाहीर झाली ती शेवटची १९३१ ची. तेव्हा देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांना जात विचारून जशीच्या तशी लिहून घेतली, तर सुमारे ४६ लाख वेगवेगळी नावं आली, असं केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. पोटजात, कूळ, आडनाव, गोत्र, एकाच नावाची दहा स्पेलिंगं. ते आकडे वापरण्याजोगे नाहीत म्हणून बाजूला ठेवले गेले.

या वेळी मोजणी मोबाइल ॲपवर होणार आहे. माझ्या धंद्यातली माणसं म्हणतील, सोपं आहे, ड्रॉपडाउन द्या. देतीलही. पण ४६ लाख हा आकडा मला निव्वळ घाण डेटा वाटत नाही. ‘तू कोण?’ या प्रश्नाला माणसं कुणासमोर उभी आहेत यावरून उत्तर देतात. शेजाऱ्याला एक, सोयरिकीला दुसरं, सरकारला तिसरं. ड्रॉपडाउनमधून उत्तर नीट येईल, मोजताही येईल, आणि मोजायला हवंही. मात्र ती यादी कुणी केली, कुठलं नाव कुठल्या नावात मिसळलं, हे उघड असायला हवं. गॅझेटिअरच्या कारकुनांची नावं बहुतेक ठिकाणी आपल्याला माहीत नाहीत. या वेळच्या तरी असावीत.

खांदा कॉलनीचा परिच्छेद

शेवटी एक प्रयोग. आज कॅम्पबेल साहेबाच्या पद्धतीने खांदा कॉलनीचं लोकसंख्या प्रकरण लिहायचं ठरवलं तर काय लिहिता येईल? मूळ खांदा गावचे लोक, आगरी जास्त. मग घाटावरून आलेले, कोकणातून आलेले, खानदेशातले, उत्तरेतले, केरळातले. भाषा, देव, सण, जेवण. खांदेश्वराच्या तळ्याकाठच्या देवळाचा एक उल्लेख, खांदेश्वर स्टेशनचा एक. प्रत्येकाचा एक नीटस परिच्छेद होईल.

आणि त्यात या वस्तीची सगळ्यात मोठी गोष्ट राहून जाईल: ही इमारत कुणाच्या शेतावर उभी आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ‘साडेबारा टक्के’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द न समजावता समजतात. शनवार तेली, सोमवार तेली यांच्यासारखेच हे शब्द. जमीन गेलेला आणि त्या जमिनीवर फ्लॅट घेतलेला, दोघांनाही एका वाक्यात आणणारे. मी दुसऱ्या गटातला. माझ्याबद्दलचा परिच्छेद खरा व्हायचा तर त्यात पहिल्या गटाचं नाव यावंच लागेल.

गॅझेटिअर जरूर वाचा. मोफत मिळतं, फोनवर उघडतं. तुमच्या जातीचा परिच्छेद पहिल्यांदा शोधाल, सगळेच शोधतात. तो वाचून झाला की दुसरी फाइलही उघडा, जमिनीची. आणि बघा, पहिल्या फाइलमधल्या कोणत्या दोन परिच्छेदांच्या मध्ये ती जमीन पडली होती.